बुबुळावरची काच: फोटोत काय दिसते आणि वेळेत काय वाचते



दिवाळीच्या आसपास आपल्या परभणी जिल्ह्यात सोयाबीनची मळणी होते, कापसाची वेचणी चालू असते आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पुढे ज्वारीची काढणी येते. या सगळ्या कामांत कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात काही तरी जातेच. कधी मळणी यंत्रातून उडालेला भुसा, कधी ज्वारीचे कुसळ, कधी पऱ्हाटीची काडी, तर कधी उसाच्या पानाची धार. माणूस डोळा चोळतो, पाणी मारतो आणि पुन्हा कामाला लागतो, कारण रोज बुडवून चालत नाही. बहुतेक वेळा डोळा दोन दिवसांत बरा होतो. काही वेळा मात्र होत नाही. डोळा लाल होतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही आणि थोड्या दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडलं.’

तीच काडी, तेच शेत. मग एकाचा डोळा दोन दिवसांत बरा होतो आणि दुसऱ्याची नजर कायमची जाते, हे कसे? यात नशिबाचा किंवा कोणाच्या नजर लागण्याचा संबंध नाही. काडी किती खोल गेली, तिच्यासोबत काय आत गेले आणि आपण दवाखान्यात कधी पोहोचलो, यावर सगळे ठरते. हा फरक आता फोटोत स्पष्ट दिसतो. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही बुबुळाच्या सूक्ष्म फोटोंची माहिती देत आहोत. मशीन मोठ्या शहरात असले तरी त्याने शिकवलेली गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घराच्या कामाची आहे.

एटीएम कार्डापेक्षा पातळ

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. तो स्वच्छ असतो म्हणूनच आपल्याला मागचा काळा-तपकिरी रंग दिसतो. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे पडदा अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच जाड, खिशातल्या एटीएम कार्डापेक्षाही पातळ. एवढ्याशा जाडीतही वेगवेगळे थर आहेत आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा आहे.

सर्वांत वर पेशींची नाजूक कातडी असते, सुमारे ५० मायक्रॉनची. ती सतत नवी होत राहते. नुसती तिच्यावर ओरखडा उठला आणि जंतू शिरले नाहीत, तर एक-दोन दिवसांत ती भरून येते आणि मागे खूणही राहत नाही. तिच्याखाली बोमन नावाचा पातळ, चिवट थर आहे. तो एकदा फाटला की पूर्वीसारखा तयार होत नाही, तिथे वण राहतो. मग येतो मधला जाड थर, म्हणजे स्ट्रोमा. पडद्याची सुमारे नव्वद टक्के जाडी याचीच. यात कोलाजेनचे बारीक धागे कापडाच्या ताग्यातल्या घड्यांसारखे एकावर एक नीट रचलेले असतात. ही रचना नीट आहे तोवरच पडदा पारदर्शक राहतो. ती विस्कटली की पांढरा डाग पडतो.

सर्वांत आत डेसिमेट नावाचा पातळ पडदा आणि त्याला चिकटलेला पेशींचा एकच थर असतो. या पेशी पंपासारखे काम करतात आणि पडद्यातले जास्तीचे पाणी सतत बाहेर टाकतात. निसर्गाने त्या मोजूनच दिल्या आहेत. मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी येत नाही, शेजारच्या पेशी पसरून ती जागा भरतात.

स्ट्रोमा आणि डेसिमेट यांच्या मध्ये आणखी एक अत्यंत पातळ, साधारण १० मायक्रॉनचा चिवट थर आहे, असे २०१३ साली डॉ. हरमिंदर दुआ यांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम इथून मांडले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण आपल्या नागपूरला झाले. त्या थराला काय नाव द्यावे यावर डॉक्टरांमध्ये वाद झाला, पण बुबुळाच्या शस्त्रक्रियांसाठी हा शोध उपयोगी ठरला. शेकडो वर्षे पाहिलेल्या अवयवातही नवे काही सापडू शकते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फोटो कसे काढतात?

पहिले साधन आहे स्लिट लॅम्प. हनुवटी टेकवून बसायचे आणि डॉक्टर समोरून सूक्ष्मदर्शकातून पाहतात, ते यंत्र. त्यातून प्रकाशाची पातळ फट डोळ्यावर पडते आणि पडद्याचा जणू उभा काप दिसतो. स्वीडनचे अल्वार गुलस्ट्रँड यांनी हे साधन १९११ साली पुढे आणले. शंभर वर्षांनंतरही डोळ्याच्या तपासणीची सुरुवात यानेच होते. डोळ्यात पिवळ्या-केशरी रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले, की जिथे कातडी खरचटली आहे तेवढाच भाग हिरवा चमकतो.

दुसरे साधन ओसीटी. पोटाची सोनोग्राफी आपल्या ओळखीची आहे. तिथे आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात आणि चित्र तयार होते. ओसीटीमध्ये आवाजाऐवजी प्रकाश वापरतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तंत्र १९९१ मध्ये जगापुढे मांडले. सुरुवातीला ते डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी होते, पुढे बुबुळासाठीही वापरात आले. डोळ्याला हात न लावता, काही सेकंदांत पडद्याचा आडवा काप संगणकावर दिसतो. चांगले मशीन ५ मायक्रॉनपर्यंतचे बारकावे दाखवते, त्याहून सूक्ष्म मशीन १ ते ३ मायक्रॉनपर्यंत जाते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा.

तिसरे साधन कॉन्फोकल मायक्रोस्कोप. त्याची मूळ कल्पना मार्विन मिन्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पेटंटसाठी मांडली. यात डोळा थेंबाने बधिर करून, जेल लावून यंत्राचे टोक बुबुळाला हलकेच टेकवतात. त्यात एकेक पेशी, मज्जातंतूंचे धागे आणि आत शिरलेल्या बुरशीचे तंतूही जिवंत डोळ्यात दिसू शकतात.

चौथे साधन स्पेक्युलर मायक्रोस्कोप. हे आतल्या पंपाच्या पेशींचा फोटो काढून त्या मोजते. आणखी एक प्रकार बुबुळाच्या उंच-सखलपणाचा रंगीत नकाशा काढणाऱ्या मशीनचा आहे. त्याला टोपोग्राफी म्हणतात.

निरोगी डोळा आणि आजारी डोळा

निरोगी डोळ्याच्या ओसीटी फोटोत वर-खाली दोन नितळ रेघा दिसतात आणि मधला भाग एकसारखा करडा असतो. स्पेक्युलर फोटोत षटकोनी पेशींचे मधमाशीच्या पोळ्यासारखे जाळे दिसते. तरुण माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा साधारण २५०० ते ३००० पेशी असतात.

आता काडी लागलेला डोळा पाहू. फक्त वरची कातडी गेली असेल, तर वरची रेघ तेवढ्यापुरती तुटलेली दिसते आणि खालचे सगळे जागेवर असते. तोच डोळा जंतू किंवा बुरशी घेऊन चार-आठ दिवसांनी आला, तर चित्र पार बदललेले असते. वरचा भाग खचून खड्डा झालेला असतो, मधला थर सुजून पांढरा पडलेला असतो, काही वेळा आतल्या बाजूला पू साठलेला असतो. ही बुबुळाची पिकलेली जखम. औषधाने ती भरली तरी मागे वण राहतो. आपण ज्याला फूल म्हणतो ते कधी अशी ओली जखम असते, तर कधी असा जुना वण. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. जुन्या वणाचे पुढे काय करायचे तेही खोलीवर ठरते. वण वरवरचा असेल तर काही रुग्णांना विशेष लेन्सने किंवा वरचा थर काढून दिसू शकते. खोल असेल तर बुबुळाचे रोपण करावे लागते. ही खोली ओसीटी मोजून सांगते.

दुसरे उदाहरण चुन्याचे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी लहान मुलाच्या हातात पडते, दाबली जाते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. गवंडीकामावरही हे घडते. चुना डोळ्यात थांबला तेवढा वेळ आत उतरत जातो. काळ्या-पांढऱ्या भागाच्या सीमेवर, वरची कातडी नवी करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या जळल्या तर कातडी नीट येत नाही आणि बुबुळावर रक्तवाहिन्यांचा पडदा चढतो. अशा डोळ्यासाठी दुसऱ्या चांगल्या डोळ्यातून मूळ पेशींचा छोटा तुकडा घेऊन लावण्याची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडली. पण त्या वेळेपर्यंत जाण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला पाणी मारणे कधीही मोलाचे.

तिसरे उदाहरण शाळा-कॉलेजातल्या मुलांचे. काहींचा चष्म्याचा नंबर सारखा बदलतो, चष्मा लावूनही अक्षर दुहेरी-पुसट दिसते. मुलगा अभ्यासाला टाळतो, असे घरच्यांना वाटते. अशा वेळी बुबुळ मध्ये पातळ होऊन टोकदार होत चालले असू शकते. याला केराटोकोनस म्हणतात. सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत तो जास्त दिसतो. सुरुवातीला साध्या तपासणीत कळत नाही, पण नकाशा काढणाऱ्या मशीनमध्ये लवकर सापडतो. वेळेत सापडला तर बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि विशेष किरण वापरून बुबुळ घट्ट करतात आणि बहुतेक वेळा आजाराची वाढ थांबवता येते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीत हे विसरू नये.

चौथे उदाहरण मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे. काही ज्येष्ठांच्या आतल्या पंपाच्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. ऑपरेशनआधी त्या मोजल्या तर डॉक्टर जास्त काळजी घेऊ शकतात. पेशी फारच कमी झाल्या तर बुबुळात पाणी साचते आणि सकाळी उठल्यावर जास्त धुरकट दिसते. ऑपरेशन झालेल्या आजीने ‘सकाळी धुकं दिसतं, दुपारी बरं वाटतं’ असे सांगितले, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नका.

महागडे मशीन आणि काचेची पट्टी

आता खरा प्रश्न. ही मशीन मोठ्या नेत्रसंस्थांत असतात. मग आपल्या मजूर घराने काय करायचे?

२००२ साली एल. व्ही. प्रसाद संस्थेने आपल्या दहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुबुळाला बुरशी लागलेले १३५२ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के १६ ते ४९ या कमावत्या वयातले होते आणि निम्म्याहून अधिक जणांच्या डोळ्याला आधी मार लागलेला होता. निदानाचा आधार होता साध्या तपासणीचा. जखमेच्या कडेचा अगदी बारीक कण खरवडून काचेच्या पट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. या तपासणीत दहापैकी नऊ रुग्णांची बुरशी दिसली.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. जखम खोल असेल, उपचाराने बरी होत नसेल, रोपणाचा विचार असेल, तेव्हा सूक्ष्म फोटो मोठी मदत करतो. पण पहिल्या दिवशी डोळा वाचवण्यासाठी लागतो तो स्लिट लॅम्प, रंगाचा थेंब, काचेची पट्टी आणि बघणारा जाणकार. डोळे तपासण्यासाठी आधी जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावे. तिथून गरज पडली तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या नेत्र रुग्णालयात पाठवतात. परभणीहून हैदराबादकडे थेट रेल्वे आहे आणि एल. व्ही. प्रसाद संस्थेत गरीब रुग्णांवर मोफत उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवून विचारावे.

ऊसतोडीला गेलेल्यांनी घरी परत येण्याची वाट पाहू नये. जिथे टोळी आहे, त्याच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जावे. मुकादमाने एका दिवसाची सुट्टी दिली नाही म्हणून डोळा गेला, तर तो कोणतीही उचल फेडून परत मिळत नाही.

मेडिकलचे थेंब

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. डोळा लाल झाला की आपण मेडिकलवर जातो आणि ‘डोळ्याचे थेंब द्या’ म्हणतो. अनेक थेंबांत जंतूंच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. ते घातल्यावर लाली आणि दुखणे एक-दोन दिवस कमी होते, म्हणून आपल्याला बरे वाटते. पण स्टेरॉइड डोळ्याची लढण्याची ताकद दाबते. आत बुरशी असेल तर तिला मोकळे रान मिळते आणि जखम खोल जाते. बुरशीचे औषध वेगळे आहे. नाटामायसिनचे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात.

बाटलीवरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या. डेक्सामिथॅसोन, बेटामिथॅसोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एकही नाव असेल, तर काडी-कचरा लागलेल्या डोळ्यात ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घालू नका. शेजाऱ्याच्या घरातली उरलेली बाटलीही नको.

नेत्रदानातही फोटोचा उपयोग

वण खोल असेल तर दान मिळालेल्या बुबुळाशिवाय इलाज नाही. बुबुळाचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली आज चेक देशात असलेल्या ओलोमोउत्स इथे केले. आज नेत्रपेढीत दान आलेल्या प्रत्येक बुबुळाची तपासणी होते, पंपाच्या पेशी मोजल्या जातात आणि मगच ते कोणाला, कोणत्या थरासाठी वापरायचे हे ठरते. म्हणून दात्याचे वय जास्त होते, चष्मा होता किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, यामुळे दान अडत नाही. वापरण्याजोगे काय आहे ते तपासणी सांगते.

बौद्ध देश असलेल्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था सुरू केली. तिथल्या उपासकांनी दानाचा अर्थ असा घेतला, की त्या लहानशा देशातून हजारो बुबुळे जगभर गेली. आपल्याकडे दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर घरच्यांची संमती लागते, म्हणून इच्छा जिवंतपणीच घरात बोलून ठेवावी. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवावे. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीला फारसा उशीर होत नाही.

भिंतीवर लावून ठेवा

१. मळणी, ऊसतोड, चुन्याचे काम करताना साधा पारदर्शक गॉगल वापरा.

२. डोळ्यात कचरा गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. बुबुळात रुतलेला कण काडीने, पदराच्या टोकाने किंवा जिभेने काढू नका.

३. चुना, ॲसिड किंवा कोणतेही रसायन गेले तर जागच्या जागी, पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास वाहते पाणी मारा. त्यानंतर दवाखाना.

४. टोकदार वस्तू डोळ्यात घुसली असेल तर धुऊ नका, दाबू नका. वरून कागदी कप किंवा वाटी अलगद झाकून लगेच रुग्णालयात जा.

५. अंगावरचे दूध, एरंडेल, मध, झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नका. काडी लागलेल्या डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका.

६. दुसऱ्या दिवशीही डोळा लाल असेल, दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. पांढरा ठिपका दिसण्याची वाट पाहू नका.

७. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: जखम कोणत्या थरापर्यंत आहे? कण खरवडून तपासला का? औषध जंतूंवर आहे की बुरशीवर? तपासणीचे कागद आणि फोटो मागून घ्या, जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या शरीराविषयी विचारणे हा आपला हक्क आहे.

विहारात वाचून चर्चा करा

येत्या रविवारी विहारात हे पान मोठ्याने वाचावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे. आपल्या वस्तीत कोणाच्या डोळ्यात फूल आहे आणि त्यांनी शेवटची तपासणी कधी केली? तंबाखूचा चुना घरात कुठे ठेवला जातो, मुलाचा हात तिथे पोहोचतो का? ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत दहा गॉगलचा खर्च मंडळाला उचलता येईल का? एखाद्या मजुराचा डोळा दुखला, तर त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयात कोण नेईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दोन नावे आणि दोन मोबाईल नंबर ठरवा आणि ते विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.